गच्चीवरच्या बारा पणत्या

माझं तोंड फटकळ आहे. साताऱ्यात माहेरी हे सगळ्यांना माहीत होतं, आणि नवऱ्याची रेल्वेतली बदली जयपूरला झाल्यावर वर्षाच्या आत इथेही सगळ्यांना कळलं. मी डॉक्टर आहे, पण पेशंटच्या उशाशी उभी राहणारी नव्हे. मी लॅबमधली. रक्ताच्या नळ्या, त्यांच्यावर चिकटवलेले नंबर आणि त्यांच्यासोबत आलेले फॉर्म, एवढाच माझा पेशंटशी संबंध. त्यामुळे गोड बोलायची सवय लावून घ्यायचं काही कारणच पडलं नाही.

डेंग्यूची साथ आली की हे तोंड जास्तच सुटतं. त्या वर्षी साथ मोठी होती. सकाळी मी पोचायच्या आधीच नळ्यांचे ट्रे टेबलावर रांगेनं लागलेले असायचे. फॉर्मवर नाव असायचं, वय असायचं, पत्ता असायचा, आणि नेमका एक रकाना कोरा असायचा: तापाचा कितवा दिवस. या एका रकान्यावरून मी किती ज्युनियर डॉक्टरांना फोनवर झापलंय, त्याची गणती नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात खुद्द विषाणूचा अंश सापडतो. नंतर तो कमी होत जातो आणि शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं सापडायला लागतात. म्हणजे टेस्ट दोन आहेत आणि कुठली करायची ते दिवसावर ठरतं. चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली तर ती सरळ 'नाही' म्हणते, आणि घरचे लोक तो कागद घेऊन निश्चिंत होतात. "दिवस विचारा, आणि एकदा नाही, तीनदा विचारा, माणसं खोटं सांगतात," असं मी सगळ्यांना बजावायचे.

आम्ही राहायचो जयपूरच्या झोटवाडा भागात, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. आम्ही त्यांना काकीसा म्हणायचो. त्या मला बीनणी म्हणायच्या. बीनणी म्हणजे त्यांच्याकडे सूनबाई. भाडेकरूला कोण सून म्हणतं? पण आम्ही सामान उतरवत होतो त्या दिवशीच त्यांनी ती हाक मारली आणि नंतर ती बदलली नाही. माझी लेक त्यांना दादीसा म्हणायची, आणि ती तर वर आमच्याकडे कमी आणि खाली जास्त वाढली. तिचं मराठी अर्धं हिंदी झालं त्याला काकीसाच जबाबदार. "आई, मी ना, भूलूनच गेले," असं ती म्हणाली की माझ्या कपाळाला आठी पडायची आणि काकीसा खाली हसायच्या.

उन्हाळ्यात जयपुरात लोक पाखरांसाठी मातीच्या भांड्यात पाणी टांगून ठेवतात. त्याला परिंडा म्हणतात. काकीसांचा परिंडा अंगणातल्या कडुनिंबाला होता. एका मे महिन्यात मी त्यात डोकावले, तर तळाशी शेवाळ आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. काकीसा रोज वरून पाणी घालायच्या, भांडं कधी रिकामं करायच्या नाहीत. मी तिथेच, शेजारणींच्या देखत, त्यांना चांगलं सुनावलं. डासाची मादी पाण्याच्या कडेला अंडी घालते, ती भांड्याला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून काय उपयोग, घासायला हवं, आठवड्यातून एकदा तरी कोरडं करायला हवं. तुम्ही पुण्य कमावताय आणि गल्ली आजारी पाडताय, असंसुद्धा म्हणाले. काकीसा ओशाळल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या नारळाच्या शेंडीनं परिंडा घासताना दिसायला लागल्या. मला बरं वाटलं. आपण एका बाईला वाईट वाटायला लावलं, हे तेव्हा मनातही आलं नाही.

आमचा गणपती पाच दिवसांचा. पूर्वी आम्ही विसर्जनाला गाडी काढून कानोत्याच्या बंधाऱ्यावर जायचो. एका वर्षी सहलीला म्हणून डिसेंबरात तिथे गेलो, तर पाणी मागे हटलं होतं आणि चिखलात अर्धवट विरघळलेल्या मूर्ती पडल्या होत्या. लेक रडायला लागली. तेव्हापासून आम्ही शाडूची मूर्ती आणतो आणि घरीच विसर्जन करतो. लेकीचा लहानपणचा आंघोळीचा निळा टब गच्चीवर ठेवायचा, त्यात पाणी भरायचं, आरती करून मूर्ती सोडायची. माती विरघळली की ते पाणी झाडांना आणि मातीत तुळस, असं आमचं ठरलेलं.

काकीसांना हे विसर्जनच मुळात पटायचं नाही. इथे गणेशजी दारावर बसलेले असतात ते कायमचे. लग्नाची पहिली पत्रिका त्यांना, नव्या गाडीचा पहिला नमस्कार त्यांना. त्यांना निरोप कसला द्यायचा? "पावण्याला कुणी पाण्यात बसवतं का?" असं त्या दर वर्षी त्यांच्या हिंदीत विचारायच्या आणि दर वर्षी डोळे पुसत आरतीला उभ्या राहायच्या. मग त्यांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. जोवर टबात माती आहे, तोवर गणेशजी तिथे बसलेलेच आहेत. म्हणून विसर्जनाच्या संध्याकाळपासून रोज दिवस कलायच्या सुमाराला त्या दुखरे गुडघे घेऊन दोन जिने चढायच्या, टबाजवळ एक पणती लावायच्या आणि अर्धा-पाऊण तास तिथेच पाटावर बसून माळ ओढायच्या. जळलेली पणती पुन्हा वापरायची नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे रोज नवी पणती यायची आणि विझली की कठड्याच्या कडेला रांगेत जाऊन बसायची.

त्या वर्षी विसर्जन गुरुवारी झालं आणि लगेच साथीनं जोर धरला. नवरा ड्युटीवर बाहेरगावी असायचा. मी सकाळी सातला बाहेर पडायचे ती दिवेलागणीला परत. रविवारी सुट्टी, तर आमच्या भागातल्या स्वयंसेवकांबरोबर टॉर्च घेऊन घरोघर फिरायचे. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बश्या, टाकलेले टायर. सी-स्कीम या श्रीमंत वस्तीतल्या एका मोठ्या घरातून एका बाईंनी मला खास बोलावून घेतलं होतं. घर आरशासारखं लख्ख. त्या म्हणत होत्या, आमच्याकडे डास शक्यच नाहीत. दिवाणखान्यात काचेच्या भांड्यात शोभेचा बांबू होता. त्याच्या पाण्यावर मी टॉर्च मारला आणि त्यांना अळ्या दाखवल्या. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मला जो आनंद झाला, तो डॉक्टरला शोभणारा नव्हता. हा डास घाण पाण्यात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, असं एक छोटं व्याख्यानही मी तिथे दिलं.

आणि एवढे दिवस माझ्या स्वतःच्या गच्चीवर निळा टब होता. माती केव्हाच खाली बसली होती, वर पाणी नितळ झालं होतं. ते झाडांना घालायचं राहून गेलं. मला वाटायचं नवरा घालेल, नवऱ्याला वाटायचं मी घातलं असेल. खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. कपडे वाळत घालताना तो टब मला दिसायचा. पण तो माझ्या डोळ्यांना साठलेलं पाणी म्हणून दिसतच नव्हता. तो गणपतीचा टब होता.

विसर्जनानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर काकीसा अंथरुणावर. अंग तापलेलं, डोळे लाल. "आज सकाळपासूनच," त्या म्हणाल्या. "थोडी कसकस आहे, तू वर जा, चहा घे." मी त्यांच्या उशाखाली हात घातला आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी काढून घेतली. डेंग्यू असला तर असल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यायची, हे त्यांनाही सांगितलं. सकाळी स्वतः त्यांचं रक्त काढलं, फॉर्म स्वतः भरला. तापाचा कितवा दिवस? मी लिहिलं, दुसरा. एकदाच विचारलं होतं, तीनदा नाही.

दुसरा दिवस म्हणजे पहिली टेस्ट. शनिवारी दुपारी ती आली, 'नाही'. प्लेटलेट थोड्या कमी होत्या, पण तशा त्या कुठल्याही विषाणूच्या तापात होतात. मी सुटकेचा श्वास सोडला आणि फोन करून लेकीला सांगितलं, दादीसाला सांग, डेंग्यू नाही.

रविवारी सकाळी ताप उतरला. काकीसा उशीला टेकून बसल्या होत्या. लेक त्यांच्यासाठी दलिया घेऊन बसली होती. "देख, उतर गया," त्या मला म्हणाल्या. मी हात हातात घेतला. हात गार होता. ताप उतरल्यावर गार लागतोच, असं मी मनाला सांगितलं. दलियाचे दोन चमचे गेले आणि उलटी झाली. पोटात दुखतंय का विचारलं, तर "थोडंसं" म्हणाल्या. लघवीला कधी गेला होतात? त्यांना आठवेना. माझ्या मनात काहीतरी टोचायला लागलं. ही सगळी लक्षणं मी दर वर्षी ज्युनियर मुलांना शिकवते. डेंग्यूत खरा धोका तापात नसतो, ताप उतरल्यावर जे एक-दोन दिवस येतात त्यात असतो. तेव्हा रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपायला लागतं. पण हे घडतं साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी. काकीसांचा तर तिसरा. आणि टेस्ट 'नाही' म्हणाली होती.

उलटीची चादर बदलली. दुसरी गच्चीवर वाळत होती, ती आणायला मी वर गेले. चादर ओढताना नजर कठड्याकडे गेली. पणत्या ओळीनं बसल्या होत्या. का कोण जाणे, मी त्या मोजल्या. बारा. पुन्हा मोजल्या, बाराच. विसर्जनाच्या गुरुवारपासून कालच्या शनिवारपर्यंत सतरा संध्याकाळी झाल्या होत्या. बोटांवर दिवस धरत गेले. बारावी पणती सोमवारची. काकीसा मंगळवारपासून वर आल्याच नव्हत्या. ज्या बाईनं भर पावसातसुद्धा कधी दिवा चुकवला नव्हता, ती मंगळवारी जिना चढू शकली नव्हती.

म्हणजे आज तिसरा नव्हे, सहावा दिवस.

चादर घेऊन वळले तर पाय टबाला लागला आणि पाणी हललं. त्यात शेकडो अळ्या होत्या. पाणी हलताच सगळ्या वळवळत तळाकडे, त्या पांढऱ्या मातीकडे गेल्या. तिथे थांबायला वेळ नव्हता. मी टब दोन्ही हातांनी उचलून तापलेल्या गच्चीवर सरळ उपडा केला. गणपतीची माती फरशीवर पसरली. मी ती तुडवून खाली धावले.

ब्लडप्रेशर घेतलं. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकमेकांच्या फार जवळ आले होते, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडायला लागलं होतं. नाडी बारीक, भरभर. शेजाऱ्यांची गाडी काढली, हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत काकीसा माझ्या खांद्यावर डोकं टाकून होत्या आणि विचारलं तरच बोलत होत्या. तिथे रक्त घेतलं, ते दाट झालेलं होतं, प्लेटलेट खूप खाली. दुसरी टेस्ट मी स्वतः लॅब उघडायला लावून केली. या वेळी ती 'हो' म्हणाली. सलाइन सुरू झालं, तासातासाला नाडी, लघवी, रक्ताचा दाटपणा. पाणी कमी पडलं तर माणूस जातो, जास्त झालं तर छातीत भरतं. हे काम लॅबवाल्यांचं नाही. मी नुसती पायाशी स्टुलावर बसून होते, हातात त्यांचा गार पाय धरून. मला भीती वाटत होती. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती. त्यांच्या मुलाला फोन लावून काय सांगायचं, ही एकच गोष्ट डोक्यात फिरत होती.

सोमवारचा दिवस तसाच गेला. मंगळवारी सकाळी पाय कोमट लागला. काकीसांनी डोळे उघडून, इथल्या चहाला चव नाही, अशी तक्रार केली, आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले.

त्या पडून असताना मी डोक्यात आणखी एक गणित करत होते. टबातल्या अळ्यांपासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. मग त्या डासानं कुणा आजाऱ्याला चावायचं, पुन्हा आठ-दहा दिवस विषाणू त्याच्या अंगात मुरायचा, तेव्हा कुठे तो दुसऱ्याला ताप देणार. विसर्जनापासून मंगळवारपर्यंत एवढे दिवस होतच नव्हते. म्हणजे माझ्या टबात जन्मलेल्या डासानं काकीसांना आजारी पाडलेलं नव्हतं. या हिशेबानं मी सुटले होते. पण टबात अंडी कुणी घातली? ती घालायला एक जुनी, चार ठिकाणी चावून आलेली मादी आली असणार, आणि ती आली त्या पाण्याच्या ओढीनं. हा डास चावतो सकाळी आणि सूर्य मावळायच्या सुमाराला. त्या वेळी टबाशेजारी पाटावर एक म्हातारी बाई डोळे मिटून माळ ओढत बसलेली असायची. हे सिद्ध करता येत नाही. खोडूनही काढता येत नाही.

पाचव्या दिवशी त्यांना घरी आणलं. पलंगावर उशा लावून दिल्या, लेकीला वर पाठवलं. मग मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. आधी रागावले, कारण मला तेच येतं.

"काकीसा, आपने झूठ क्यों बोला? मंगळवारपासून ताप होता."

"तू रोज कशी थकून येतेस, मी बघते ना," त्या म्हणाल्या. "इतक्या लोकांचं रक्त तपासतेस. त्यात माझं एक आणखी कशाला? आणि तू रागावली असतीस."

"मी का रागावले असते?"

त्या पांघरुणाच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मला अंगणातला परिंडा आठवला, आणि बघत उभ्या असलेल्या शेजारणी. मग मी सांगायचं ते सांगितलं. टबाचं, अळ्यांचं, कदाचित तिथेच डास चावला असेल याचं. सगळं जयपूर पालथं घालून आले आणि स्वतःच्या डोक्यावरचं पाणी पाहिलं नाही, माझी चूक झाली, मला माफ करा, असं हिंदीत म्हणाले. माझ्या हिंदीची पार वाट लागली होती.

काकीसांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. हळूच म्हणाल्या, "वो कीड़े तो मैंने देखे थे, बीनणी."

"कधी?" मी विचारलं.

"ताप यायच्या आधी चार-पाच दिवस दिसत होते. परिंड्यात होते ना, तसेच. एकदा वाटलं, ओतून देऊ. पण गणेशजींचं पाणी, तुमच्या रीतीचं, मी कसं ओतू? मग म्हटलं, तुला सांगावं." त्या थांबल्या, श्वास घेतला. "फिर सोचा, डॉक्टर है। देखकर ही रखा होगा।"

मी खुर्चीवरून उठून त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून अशक्त होता, पण उबदार होता.